मदत हवी आहे: डुकराच्या दाढेनं राखेचं वय खोटं कसं पाडलं?

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या निसर्गमंडळात मानवाच्या उत्क्रांतीवर बोलायचंय. तयारी करताना कोल्पोकोएरस या आफ्रिकेतल्या नामशेष, दांडग्या डुकरापाशी गाडी अडलीय.

केनियात तुर्काना सरोवराच्या पूर्वेला कूबी फोरा इथं १९७२ मध्ये जीवाश्म-संशोधक रिचर्ड लीकींच्या चमूला आदिमानवाची '१४७०' क्रमांकाची कवटी मिळाली. तिच्या वरच्या थरातल्या 'केबीएस' नावाच्या ज्वालामुखीच्या राखेचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं (पोटॅशियमपासून हळूहळू बनणारा आर्गॉन वायू मोजून) २६ लाख वर्षं आलेलं, म्हणजे कवटी त्याहून जुनी. पण डुकरांच्या जीवाश्मांचे अभ्यासक बेझिल कूक यांचं म्हणणं, या राखेखाली मिळालेल्या जातीची डुकरं इथिओपियातल्या ओमो खोऱ्यात सापडतात ती जेमतेम २० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत. वाद चांगलाच रंगला आणि जिंकली डुकरं! आज त्या राखेचं वय सुमारे १९ लाख वर्षं धरतात.

दाढेचं गणित कळलं. पोर्कच्या दुकानातून जबडा आणून उकळून साफ केला (घरच्यांची बोलणी खाऊन). शेवटच्या दाढेवर गोलसर उंचवटे आणि मागे निमुळता होत गेलेला छोटा भाग. कोल्पोकोएरसमध्ये हाच मागचा भाग काळाबरोबर लांबत गेला, उंचवट्यांच्या जोड्या वाढत गेल्या. म्हणून दाढेच्या लांबीवरून काळाचा अंदाज.

पण ओमोतल्या डुकरांचं वयही राखेवरूनच काढलं ना? मग त्या राखेवर भरवसा आणि केबीएसवर का नाही? शिवाय तिथलं रान वेगळं असलं तर दाढाही वेगळ्या वाढल्या नसतील कशावरून? आमच्यातले निवृत्त भूगोलाचे सर हे विचारणारच.

प्रतिसाद: ओमोत राख एकच नाही. तिथल्या 'शुंगुरा' नावाच्या थरांत राखेचे पट्टे एकावर एक आहेत, वय वरच्या दिशेनं कमी होत जायलाच हवं. एखादा आकडा चुकला की लगेच उघडा पडतो. केबीएसच्या सुरुवातीच्या नमुन्यांत जुन्या खडकांतले स्फटिक मिसळले होते, म्हणून वय जास्त आलं; घोळ तिथं झाला.

रानाचा मुद्दा तेव्हाही निघाला होता. टिम व्हाइट आणि जॉन हॅरिस या संशोधकांनी १९७७ मध्ये नोटोकोएरस, मेट्रिडिओकोएरस या डुकरांचे वंशही तपासले, कौल तोच आला. सरांसाठी हुकमी पत्ता मात्र वेगळाच: केबीएस राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण ओमोतल्या 'एच-२' या राखेच्या पट्ट्याशी जुळली, म्हणजे दोन्ही राखा एकाच उद्रेकाच्या, एकाच वयाच्या. त्यात डुकरांचा संबंधच नाही.

जुन्या लेखांत हा प्राणी 'मेसोकोएरस' नावानं येतो, शोधताना तेही टाकून बघा.