भरलेली पिकअप घाट उतरताना ब्रेक पेडल मऊ पडतं, मागचे ड्रम मात्र थंड. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरची मालवाहू पिकअप आहे. डिझेल, ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. सीझनला टोमॅटो भरून ओतूरहून माळशेज उतरते आणि कल्याणला जाते. ६० क्रेट चढले की वजन तेराशे किलोच्या आसपास, म्हणजे पासिंगच्या आतच. गाडी धाकटा भाऊ चालवतो, तेही रात्रीचं. त्यामुळे घरात सगळ्यांच्याच जिवाला घोर लागलाय.

त्रास असा की निम्मा घाट उतरला की पेडल मऊ पडायला लागतं. घाटाखालचं टोकावडे गाव यायच्या आत पाय जवळजवळ खाली टेकतो. दोन-तीनदा पंप मारला की थोडं वर येतं. पुढच्या दोन्ही चाकांना जळका वास येतो. चहाला थांबून गाडी गार झाली की पेडल पुन्हा कडक. रिकाम्या गाडीला काहीच तक्रार नाही.

एका गॅरेजमध्ये मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बदलून दिला, पैसे गेले, फरक शून्य. मग मी घरीच बघायला घेतलं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारलं, दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे पायाचा जोर वाढवणारे बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप ठीक असावेत. गार गाडीत पेडल दाबून धरलं तर जागचं हलत नाही. तेल कुठे गळत नाही. सपाटीला ब्रेक न लावता गाडी फिरवून आणली तर पुढची चाकं गारच राहतात, म्हणजे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) धरून ठेवत नसणार.

मागच्या खेपेला घाट उतरल्यावर भावाने बाटलीतल्या पाण्याचे दोन-दोन थेंब टाकून बघितले. पुढच्या डिस्कवर चर्र करून उडाले, मागच्या ड्रमवरून नुसते ओघळले. ड्रम उघडले तर लायनर जवळपास नव्यासारखे. तेवढ्याच काळात पुढचे पॅड दोनदा बदलून झालेत.

आता मला ज्याची शंका आहे ते सांगतो. भरल्यावर गाडी मागे बसते म्हणून पावसाळ्याआधी मागच्या कमानपाट्यांत दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला होता. चॅसिसवर मागे एक वाल्व्ह आहे, त्याचा रॉड खाली हाउसिंगला, म्हणजे मागच्या एक्सलच्या कवचाला, जोडलेला आहे. माल भरला की बॉडी खाली येते, रॉड हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो, असं मला समजलं. पाटा वाढवल्यावर गाडी बसतच नसेल, तर वाल्व्हला ती रिकामीच वाटत असेल का?

गावातला एक फिटर म्हणतो, रॉड वर तारेने बांधून टाक, मागचे ब्रेक कायम फुल लागतील. मला हे पटत नाहीये, पण कारण सांगता येत नाही. हे घरी सेट करता येतं का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

*जुना फिटर, संगमनेर:*

दादा, तार अजिबात बांधू नका. रिकाम्या गाडीला मागे वजन नसतं. पहिल्या पावसात जोरात ब्रेक मारलात की मागची चाकं जाम होतील आणि गाडीचं बूड फिरेल. घाटात ते कुठे जाईल ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची शंका बरोबर वाटते. त्याला लोड सेन्सिंग वाल्व्ह म्हणतात. हलक्या पायाला पुढे-मागे सारखाच दाब जातो. पेडल जोरात दाबल्यावर तो मागचा दाब कापतो, आणि गाडी रिकामी असेल तर लवकर कापतो. म्हणूनच जॅकवर चाक उचलून हाताने फिरवून बघितलं की मागचा ब्रेक चांगला लागतोय असं दिसतं आणि माणूस फसतो. तुमच्या गाडीत सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतोय, तिथलं तेल उकळून वाफ होतेय. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि पेडल कडक. मास्टर सिलेंडरचा यात काही संबंध नव्हता.

तरी वाल्व्हला हात लावण्याआधी ड्रम परत एकदा उघडा. व्हील सिलेंडरचे (ड्रममधले शू ढकलणारा छोटा सिलेंडर) रबर उचलून आत ओल आहे का बघा, पिस्टन दोन्ही बाजूंना सरकतो का बघा. हाउसिंगच्या सीलमधून ऑइल येऊन लायनर भिजलेत का? शू ड्रमपासून लांब सेट झालेत का? यातलं काहीही असलं तरी मागचं चाक असंच थंड राहतं. शिवाय रॉडचा जोड गंजून वाल्व्ह जागीच अडकलेला असतो, तो हाताने हलतोय ना बघा.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच वापरा, उघडून ठेवलेला डबा नको. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना चॅसिसला जॅक देऊन हाउसिंग लटकत ठेवू नका, वाल्व्ह अगदी कमीवर जातो आणि मागची एअर आत अडकते. घोड्या (टेकू देणारे स्टँड) हाउसिंगखाली लावा, पुढच्या चाकांना दगड लावा. मग एअर या क्रमाने काढा: मागचं डावं चाक, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

सेटिंग मात्र घरी डोळ्यांनी होत नाही. पुढे-मागे निपलच्या (जिथून एअर काढतात तो स्क्रू) जागी दाबाचे मीटर लावून, मागच्या एक्सलवर ठरलेलं वजन ठेवून, कंपनीच्या तक्त्याप्रमाणे रॉड बसवावा लागतो. माझा सल्ला विचाराल तर जादा पाटा काढून टाका. तोवर माल अर्धा भरा, घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, आणि भावाला सांगा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही.

*धागाकर्ता:*

खूप आभार काका. आज ड्रम उघडले. डावीकडच्या व्हील सिलेंडरचा एक पिस्टन अगदी जड सरकतोय, रबराखाली थोडी ओल आहे. दोन्ही सिलेंडर नवे टाकतो आणि ऑइल बदलतो. वाल्व्ह हाताने हलतोय. पाटा काढायला वडील तयार झालेत. पण पाटा काढल्यावरही सेटिंग तपासून घ्यायचंच आहे. नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या बाजूला दाबाचे दोन मीटर असलेलं गॅरेज कुणाच्या माहितीत आहे का? तोवर गाडी घाटात पाठवत नाही, माल शेजाऱ्यांच्या गाडीतून जाईल.