ईच अदर की वन अनदर?

प्रश्न: मुलगी दहावीला आहे, मालवणात क्लासला जाते. तिथे सांगितलंय की दोघं असतील तर ईच अदर, दोनाहून जास्त असतील तर वन अनदर. पण क्रिकेटच्या कॉमेंट्रीत अख्ख्या टीमला सर्रास ईच अदर लावतात. आपल्याला 'एकमेकांना' एवढं एकच पुरतं (घरात 'एकमेकांक'), मग परीक्षेत नक्की काय लिहायचं?

उत्तर: परीक्षेत क्लासवाले म्हणतात तेच लिहू दे, उगाच मार्क कशाला घालवायचे. दोन होड्यांचे तांडेल एकमेकांना हाका मारतायत तर ईच अदर, रापण ओढायला सगळी वाडी उतरलीय आणि जो तो एकमेकांवर ओरडतोय तर वन अनदर. झालं. फक्त हा इंग्रजीचा मूळ कायदा आहे असं तिला सांगू नका. तो दिसतो 1785 साली, जॉर्ज अशर म्हणून कोणी होता त्याच्या व्याकरणात. आणि त्याच्या जरा आधीच सॅम्युअल जॉन्सन, म्हणजे 1755 च्या प्रसिद्ध डिक्शनरीवाला, लेखक जोनाथन स्विफ्टच्या चरित्रात लिहून बसलाय की सोळा मिनिस्टर दर आठवड्याला ईच अदर्स हाउसेसमध्ये जमायचे. गणपतीत आपल्या वाडीतली भजनं एकमेकांच्या घरी फिरतात ना, तसे. सोळा माणसं आणि ईच अदर! पुढे फाउलरने, म्हणजे इंग्रजी कसं वापरावं याचा कोश लिहिणाऱ्याने, 1926 मध्ये स्वच्छ लिहिलं की या फरकाचा आज उपयोग नाही आणि जुन्या वापराचाही त्याला आधार नाही.

बोलण्यात ईच अदर खूप जास्त चालतं, वन अनदर जरा भारदस्त वाटतं. 1611 च्या बायबलात येशू शिष्यांना लव वन अनदर म्हणतो, तो सूर. एकामागून एक ट्रॉलर बंदरात आले असं म्हणायचं असेल तर मात्र वन आफ्टर अनदरच, तिथे ईच अदर घुसवू नका.

खरं सांगायचं तर आपल्या मुलांचं घोडं इथे अडतच नाही. ती लिहितात दे टॉक ईच अदर, आणि टू गायब. कारण आपला 'शी' शब्दाला चिकटून येतो, एकमेकांशी, त्यामुळे इंग्रजीत जाताना तो कधी गळला ते कळतच नाही. एकमेकांकडे बघणं म्हणजे लुक ॲट ईच अदर, एकमेकांकडून शिकणं म्हणजे लर्न फ्रॉम ईच अदर, आपल्याकडे 'कडे' आणि 'कडून' शब्दाला चिकटलेले आणि इंग्रजीत सुटे, एकदा ॲट एकदा फ्रॉम. बरं, प्रत्येक वेळी काहीतरी जोडायचं असंही नाही, एकमेकांशी लग्न केलं याला दे मॅरीड ईच अदर, मध्ये विथ नको न् टू नको. हेल्पलाही नको. म्हणून ते क्रियापदासकटच पाठ करायला लावा, दुसरा शॉर्टकट नाही.

ईच अदर्स लिहिताना वरचा स्वल्पविराम एसच्या आधीच, गावभर माणसं असली तरी. आणि कर्त्याच्या जागी हे बसत नाही. 'एकमेक आले' असं आपण म्हणतो का? मग व्हॉट ईच अदर वॉन्ट्स पण नको, ईच नोज व्हॉट द अदर वॉन्ट्स असं फोडून लिहायचं.

अजून एक, देमसेल्व्ज. तारकर्लीला दोघी मैत्रिणींनी फोटोज ऑफ देमसेल्व्ज काढले म्हटलं की सेल्फी डोळ्यासमोर येतात, ऑफ ईच अदर म्हटलं की हिने तिचा काढला न् तिने हिचा. मार्क जायचेच तर असल्या ठिकाणी गेलेले चालतील, निदान अर्थ तरी बदलतो.

प्रश्न: आणि 'परस्पर'ला काय लिहायचं? तेही ईच अदरच ना?

उत्तर: 'परस्परांना' असेल तर हो. परस्पर सहकार्य असेल तर म्यूच्युअल. पण खलाशांनी मासळी परस्पर विकली, यात ईच अदर लिहिलंत तर खलाशांनी मासळी आपापसातच विकली असा अर्थ होईल. तिथे म्हणायचंय की मालकाला न विचारता बाहेरच्या बाहेर विकली, म्हणून विदाउट टेलिंग द ओनर असं सरळ लिहा.