मदत हवी आहे: तब्येत स्थिर असताना हार्ट ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवावं का?

नमस्कार मंडळी, माझा मोठा भाऊ ५४ वर्षांचा, डायलेटेड कार्डिओमायोपथी (हृदय मोठं आणि कमजोर होण्याचा आजार) आहे, ईएफ म्हणजे हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता २० टक्के. पण गोळ्या नीट लागू पडल्यात, पायाची सूज गेली, जिना सावकाश का होईना चढतो, बऱ्याच महिन्यांत अ‍ॅडमिट करावं लागलं नाही. एक डॉक्टर म्हणतात आत्ताच झेडटीसीसीकडे (अवयवांच्या वेटिंग लिस्टचं काम बघणारं केंद्र) नाव नोंदवा, दुसरे म्हणतात इतका स्टेबल पेशंट असताना घाई कशाला.

मी वाचलं की नुसत्या ईएफवर ठरत नाही, व्हीओटू मॅक्सची टेस्ट (व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजणारी) करतात आणि बीटा ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असताना आकडा १२ किंवा खाली आला तर ट्रान्सप्लांटचा विचार होतो. जर्मनीत १९९७ साली लिस्टवर आलेल्या पेशंटांचा अभ्यास झाला होता त्यात पहिल्या वर्षात फायदा फक्त सगळ्यात जास्त धोका असलेल्यांना दिसला, बाकीच्यांना नाही, आणि तेव्हा आत्ताच्या बऱ्याच गोळ्याही नव्हत्या. शिवाय नवीन हृदय म्हणजे जन्मभर टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, इन्फेक्शन, किडनीवर ताण, शरीर नवीन हृदय नाकारत नाही ना हे बघायला बायोप्सी. दुसरीकडे भीती ही की थांबलो आणि फुप्फुसातलं प्रेशर वाढलं किंवा किडनी बिघडली तर नंतर घेतीलच का?

व्हीओटू मॅक्सची टेस्ट पुण्यात कुठे नीट होते? नाव नोंदवून पुढे तब्येत चांगली राहिली म्हणून कोणी लिस्टमधून बाहेर आलंय का? आणि स्थिर असताना कोणी ट्रान्सप्लांट केलं असेल तर आता कसे आहेत, प्लीज सांगा, वहिनी रोज विचारतात काय ठरलं म्हणून.