मदत हवी आहे : ऑस्कर माशांच्या मोठ्या टाकीसाठी संप (टाकीखाली ठेवायची उघडी फिल्टर-टाकी) की दुसरा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर)?

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या आमच्या घरी ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच, म्हणजे सुमारे ६८० लिटरची टाकी असून तीत तीन ऑस्कर आहेत. खाणे चघळून त्याचा भुगा कल्ल्यांतून बाहेर सोडण्याची त्यांची सवय पाहता सध्याचा कॅनिस्टर फिल्टर अपुरा पडतो. परवा त्याचा स्पंज काढला, तर चिकट तपकिरी गाळाने तो हातात जड लागत होता. शिवाय सर्वांत मोठ्या माशाने हीटर काचेवरून दोनदा उपटला, त्यामुळे टाकीच्या आत शक्यतो कोणतेच उपकरण नको, असे माझे मत झाले आहे.

गुरुवारी वीज बराच वेळ गेली, की बंद कॅनिस्टरमधले उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, ही माझी मोठी काळजी आहे. उघड्या संपात हा धोका कमी. मात्र भरलेल्या टाकीला भोक पाडता येणार नाही, आणि काचेवरून पाणी घेऊन खाली संपात सोडणाऱ्या ओव्हरफ्लोचा सायफन वीज परतल्यावर सुरूच झाला नाही, तर पंप संपातले पाणी वर ढकलत राहील आणि टाकी ओसंडून वाहील. असा ओव्हरफ्लो ज्यांनी वर्षभर तरी वापरला आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावा. ताशी ५,००० लिटरचा पंप या माशांना पुरेल का?