केदारकंठा, जानेवारी : कॅरीमॅट पुरेल की इन्सुलेटेड मॅट घ्यावी?

भटक्या२२
जानेवारीत सांक्रीहून केदारकंठा (उत्तराखंडातलं शिखर) करायचाय, दोन रात्री बर्फावर तंबूत. स्लीपिंग बॅग उणे १० कम्फर्टची आहे, म्हणजे उणे १० अंशांपर्यंत आरामात झोप यावी अशी. खाली अंथरायला सह्याद्रीत वापरतो तीच १० मिमीची फोमची कॅरीमॅट. भागेल का? नवीन घ्यायची तर फोमची की फुगवायची? उंची ५ फूट १०, कुशीवर झोपतो.

कातळकडा
नाही भागणार. बॅगेतलं भरण अंगाखाली दबतं, त्यात हवा उरत नाही, म्हणून खालच्या बाजूने बॅग जवळपास निकामी. तिथली ऊब मॅटनेच राखायची. बॅगेवरचं 'उणे १०' प्रयोगशाळेत आर ५ च्या आसपासच्या जाड मॅटवर मोजलेलं असतं (आर म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा, जास्त तितकी ऊबदार). पातळ मॅटवर तीच बॅग गार पडते आणि शिव्या खाते बॅग.

मॅटचा आर आकडा बघा. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात १ ते २ ला निभावतं. बर्फावर किमान ४, थंडी बाधत असेल तर ५ च्या पुढे. आकडा एएसटीएम एफ३३४० या मॅटसाठीच्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला हवा. नुसतं 'उणे १५ पर्यंत चालते' असं छापलं असेल तर तुलना कशाशी करणार?

दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते. घडीची फोम मॅट (आर २) खाली, फुगवायची (आर ३) वर, झाले ५. एकच महागडी ७ ची घेण्यापेक्षा हे बरं. फुगवायची रात्री हवा जाऊन बसली तरी खाली फोम असतो.

भटक्या२२
आणि चंदेरी थराची स्वस्त मॅट?

सांजवारा
चकाकीचा उपयोग समोर हवेची पोकळी असेल तरच. अंग थेट टेकलं की उष्णता स्पर्शातूनच जमिनीत जाते. थर्मारेस्ट कंपनीच्या एक्सथर्म या फुगवायच्या मॅटमध्ये चंदेरी थर आतल्या पोकळीत असतात, म्हणून कामाला येतात.

कुशीवर झोपता, तर ७-८ सेंमी जाडी बघा, नाहीतर कंबरेचं हाड खाली टेकतं आणि नेमकं तिथेच गार लागतं. लांबी १८३ सेंमी पुरेल. रुंदी ५१ ऐवजी ६४ सेंमी घेतलीत तर गुडघे बाहेर जात नाहीत, पण आधी तंबूची रुंदी मोजा.

कातळकडा
तोंडाने फुगवू नका, श्वासातला दमटपणा आत साठतो. पंप सॅक (हवा भरायची पिशवी) वापरा. संध्याकाळी टम्म भरलेली मॅट अर्ध्या तासात मऊ पडली तर लगेच गळती समजू नका, आतली हवा गार होऊन आकसलेली असते. तेव्हा थोडी हवा पुन्हा भरा.

निघण्याआधी घरी फुगवून, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी बसलेली दिसली तर आधी व्हॉल्व्हवर आणि मग शिवणींवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे भोक. पॅच घरीच लावा. बर्फात जागा कोरडी होत नाही आणि गोंदही नीट धरत नाही.