'ऑल्ट टेक्स्ट'साठी 'पर्यायी मजकूर' हा शब्द योग्य आहे का?

कोरीपाटी:
एका संकेतस्थळाच्या संपादन फॉर्मचं मराठीकरण चालू आहे. चित्र चढवताना 'ऑल्ट टेक्स्ट'चा, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यासाठी त्याच्या जागी द्यायच्या मजकुराचा, रकाना येतो. त्यावर 'पर्यायी मजकूर' लिहिलं, तर लोक तो ऐच्छिक समजून सोडून देतात. 'बहुपर्यायी प्रश्ना'मुळे पर्याय म्हणजे निवडीची गोष्ट, हेच डोक्यात बसलंय. दुसरा शब्द सुचवा.

उंबरठा:
'पर्यायी रस्ता' कधी येतो? मूळ रस्ता बंद असतो तेव्हा. इथेही तेच: चित्र दिसत नाही, म्हणून मजकूर. शब्द बरोबर आहे.

शेवाळ:
रकाना भरणारा इतका विचार करत नाही. 'चित्रवर्णन' म्हणा. 'प्रतिमा' मात्र नको. तिला हार घालतात, नाहीतर ती मलिन होते.

दोनदशांश:
'चित्रवर्णना'ने वेगळीच चूक होईल. भिंगाचं चित्र असलेल्या बटणाला 'काळ्या मुठीचं भिंग' असं लिहिलं, तर ऐकणाऱ्याला ते कशाचं बटण हे कळत नाही. तिथे 'शोधा' हवं. बोधचिन्हावर मुखपृष्ठाची लिंक असेल तर संस्थेचं नाव आणि 'मुखपृष्ठ'. नुसती नक्षी असेल तर कोडमध्ये ऑल्ट ठेवायचा, पण त्याच्या अवतरणचिन्हांत काही लिहायचं नाही, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी वाचक-प्रणाली) ती नक्षी ओलांडतो. ऑल्टच गाळला तर अनेकदा फाइलचं नाव आकड्यांसकट वाचलं जातं. फॉर्ममध्ये 'केवळ सजावट' अशी खूण करायची चौकट द्या, म्हणजे मुद्दाम रिकामा आणि विसरलेला यांत फरक राहील.
जिथे वर्णन हवं तिथेही ते पानावर ठरतं. लोणारचं जून 2020 मधलं छायाचित्र रंगबदलाच्या बातमीत असेल तर 'लोणार सरोवराचं गुलाबी झालेलं पाणी'. विवराच्या रचनेवरच्या लेखात असेल तर गोल काठ आणि उतार आधी. 'चित्र:' अशी सुरुवात नको, ते चित्र आहे हे वाचक-प्रणाली स्वतःच सांगते.

उंबरठा:
मग 'चित्राऐवजी मजकूर'?

शेवाळ:
हे आवडलं. पण 'मजकूर' अरबी, 'पाठ्य' घ्या ना.

उंबरठा:
'मजकूर' म्हणजे मुळात 'उल्लेख केलेला'. जुन्या कागदांत 'मौजे मजकूर', 'साल मजकूर' याच अर्थानं येतं. मराठीत त्याला मजकुराचा अर्थ केव्हाच चिकटला. 'पाठ्य' म्हटलं की पुस्तक आठवतं.

शेवाळ:
रुळलाय म्हणून चालवायचं, तर 'ऑल्ट'च ठेवा.

कोरीपाटी:
भरणाऱ्यांत शाळेतले शिक्षक आहेत, 'ऑल्ट' त्यांना कीबोर्डावरचं बटण वाटेल. शिवाय आणखी एक अडचण: लिहिलेला मजकूर मधेच तुटतोय.

दोनदशांश:
आत दुहेरी अवतरणचिन्ह आहे का बघा. ऑल्टची सीमाच त्या चिन्हानं ठरते, त्यामुळे फलकावरची घोषणा तशी उद्धृत केली की पुढचं सगळं गळतं. एकेरी वापरा. आणि पानाची भाषा कोडमध्ये 'एमआर' (म्हणजे मराठी) नोंदवलीय ना? लिपी एकच असल्यामुळे नाहीतर हिंदी आवाज लागू शकतो, मग 'चारा'तला च 'चार'मधल्या चसारखा ऐकू येतो.

उंबरठा:
तो फरक लेखनात दाखवायला अक्षराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा असं माझं कधीचं मत आहे.

शेवाळ:
नुक्ता मराठीचा नव्हेच!