१ टक्क्याचा खड्डा: ग्रह की दुसरंच काही?

प्रश्न: टेस या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या डेटात सूर्यासारख्या एका ताऱ्याचा प्रकाश दर ३.२ दिवसांनी १ टक्का उतरतो. म्हणजे गुरूएवढा ग्रहच ना?

प्रतिसाद १: हिशेब बरोबर आहे, घट म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. पण आधी सम आणि विषम क्रमांकाचे खड्डे (प्रकाशातल्या घटी) वेगळे काढून बघा. एक १ टक्का आणि पुढचा ०.८ भरला तर ती एकमेकांना आळीपाळीने झाकणाऱ्या ताऱ्यांची जोडी, फेरीचा खरा काळ ६.४ दिवस. ग्रह असेल तर खड्ड्याचा तळ सपाट हवा. टोकदार दिसला की संशय घ्यायचा.

प्रतिसाद २: शेजारी कोण आहे तेही बघा! टेसचा एक पिक्सेल आकाशातल्या २१ आर्कसेकंदांचा (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), त्यात दोन-चार तारे सहज मावतात. ५ प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद शेजारी शंभरपट अंधूक असतो. तो त्याच्या जोडीदाराकडून ग्रहणात पुरता झाकला गेला तरी जवळपास १ टक्काच घट दिसते. गाया या अवकाशयानाने केलेल्या ताऱ्यांच्या यादीतून शेजारी शोधा, खड्ड्याच्या वेळी प्रकाशाचा मध्य सरकतो का ते तपासा.

प्रतिसाद ३: हे सगळं जमलं तरी लहान लाल तारा किंवा तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधला पिंड) गुरूएवढाच दिसतो. फैसला वर्णपटाचा. अधिक्रमणानंतर (ताऱ्यासमोरून जाऊन प्रकाश अडवल्यानंतर) पाव आणि पाऊण फेरीला वर्णपटावरून ताऱ्याचा वेग मोजा. गुरूच्या वस्तुमानाला तारा सेकंदाला सुमारे १४० मीटर डुलेल. किलोमीटरमध्ये आकडे आले तर तो ग्रह नाही, सोडून द्या.